तिनाचा पत्रा

खलाशी लाईनच्या हॉकी संघाचा बोर्ड माझ्याकडे असतो.
लाकडी चौकट, दोन खिळे,
आणि पत्र्यावर मीच रंगवलेले आकडे,
मालगाडीच्या डब्यांवरून उरलेल्या तांबड्या रंगात.
शून्य सगळ्यात झिजलेलं.
एक ठीक. दोनाला गंज.
तीन कुठे आहे, मला सांगता आलं नसतं;
अकरा वर्षांत कोणी विचारलंच नाही.

कधीकाळी भिंतीवर बसायला जागा नसायची म्हणे.
डेन्झिल सरांची शिट्टी पार सदरात ऐकू जायची म्हणे.
मी तेव्हा गोटीसोडा विकायचो,
माझं लक्ष बाटल्यांवर.
मग लोक का आटले, हे जो तो वेगळं सांगतो.
शेवटी सामन्याला आम्ही चौघं:
मी, पंच, इर्शादचे अब्बा,
आणि एक बकरी, कोणाची ते ठरायचं होतं.

त्या एप्रिलात मैदान फर्निचरच्या प्रदर्शनाला दिलं.
डीच्या आत सोफे. गोलपोस्टला झालर.
कप्तान प्रज्ञाशील मेश्राम, दिवसा विजेचे मीटर वाचतो,
म्हणाला, "गल्लीत खेळू ना. काहून थांबाचं?"

पहाटे साडेपाच, ऊन चढायच्या आत,
डांबरावर ठक, ठक, ठक.
अर्धी वस्ती गच्चीवर झोपलेली,
चादरीतून आधी शिव्या आल्या,
मग डोकी.
वरून हॉकी वेगळीच दिसते,
कोण मोकळा आहे ते झोपाळू माणसालाही कळतं.
"अबे, डावीकडे दे!" पाण्याच्या टाकीमागून कोणीतरी.

एक चेंडू सुलोचनाबाई गजभियेंच्या कूलरचा टट्टा फाडून
थेट पाण्यात.
दुसऱ्या दिवशी दुसरा.
सातवा गेल्यावर इर्शाद चेंडू मागायला गेला.
"देतो," त्या म्हणाल्या, "पहिले टट्टा बदलून दे.
आन् हे सांग,
सारे चेंडू माह्याच घराकडे काहून येतात?
उजव्या बाजूनं कोणी नाही का तुमचं?"

नव्हतं.
प्रज्ञाशील रात्रभर त्यावर विचार करत बसला,
आणि सकाळी चेतन उईकेला,
जो आजवर नुसती पाण्याची बाटली धरायचा,
उजवीकडे उभं केलं.

जूनमध्ये सोफे गेले. अजनीशी सामना.
मी नेहमीसारखा खिळे ठोकत होतो,
तर फाटकातून प्लास्टिकच्या खुर्च्या येऊन राहिल्या,
डोक्यावर, बगलेत, एक तर सायकलला बांधलेली.
पुढे सुलोचनाबाई, पिशवीत सात चेंडू.
पोरांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती,
नुकसान ठाऊक होतं.
"कुंडी! पुढे जा कुंडी!"
"स्कूटीचा आरसा मोकळा आहे रे!"
इर्शादला सगळे कूलर म्हणत होते,
अब्बा मान खाली घालून हसत होते.

एक लावला. दोन लावला.
मग उजवीकडून उईके,
आणि जाळीचा तो आवाज, जो मी विसरलो होतो.

"बोर्ड! ओ पराते! तीन लावा ना!"
तीन घरी होता, तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून.
पोरगं पळवलं.
तोवर खिळ्याजवळ तीन बोटं वर धरून उभा राहिलो,
हात भरून आला तरी खाली घेतला नाही.
पत्रा आला तेव्हा अजनीचेही तीन झाले होते
आणि पत्रा एकच.

आम्ही हरलो, चार-तीन.
चार मी खडूने लिहिला, वाकडा.
खुर्च्या मात्र लोकांनी परत नेल्या नाहीत.
"रविवारी आहे ना पुन्हा?"
भिंतीला टेकवून, एकावर एक, रचून गेले.

घरी बायको म्हणाली, तांदळात मुंग्या झाल्या.
म्हटलं, ताट झाक.
ती ताट शोधू लागली, मग तिथूनच:
"चार रंगवताच आहा, तर पाचही रंगवा.
रंग वाळून चालला."