निधिनिक्षेपासह

अर्धा एकर. ब्लॉक एकेचाळीस, प्लॉट सतरा,
न्यू मेक्सिकोत, जिथं रेल्वेचे रूळ सरळ जातात
आणि गाडीला थांबायला कारण सापडत नाही.
बाबांनी ती टोलीडोत बसून घेतली, त्रेसष्ट साली,
मासिकाच्या मागच्या पानावरचं कूपन कापून:
दहा डॉलर आधी, मग दर महिन्याला दहा.
सोबत आलेल्या नकाशात तलाव होता
आणि काठाकाठानं आमचा रस्ता,
लेक शोअर ड्राइव्ह.

बाबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते.
जन्मभर वाळू वितळवली,
आणि साठवलेल्या पैशांची वाळूच घेतली,
असं आई म्हणायची.
ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे,
फ्रिजवर नकाशा नीट लावायचे,
चुंबक नेमका तलावावर.

त्यांच्यामागं अठ्ठावीस वर्षं मी कर भरला.
आठ डॉलर चाळीस सेंट.
काउंटीला म्हटलं, फुकट घ्या. नको म्हणाले.
चर्चला देऊ केली, तर रेव्हरंड ओस्टरगार्ड हसले:
देवाकडे वाळवंट भरपूर आहे, लेनोर.

जाहिरातीत खोटं लिहायचं नाही, ठरवलं होतं.
पाणी नाही. वीज नाही, जवळचा खांब सात मैलांवर.
रस्ता कागदावर आहे.
'देखावा सुंदर' असं लिहिलं आणि खोडलं;
मी कुठं पाहिला होता?

एकानं विचारलं, खाली सोनं आहे का.
एक जण वीस मिनिटं बोलत राहिला,
त्याच्याही वडिलांचा असाच प्लॉट, चार ओळी पलीकडे,
त्याला घ्यायचा नव्हता,
विकायचा होता. मलाच.
मग डोलोरेस क्विन्तानाचा फोन आला.

फेब्रुवारीत आम्ही दोघी ती जागा शोधत चाललो,
तिची पांढरी व्हॅन डांबरावर ठेवून,
फोनमधल्या निळ्या ठिपक्यामागं.
चार कोपऱ्यांपैकी एकाचाच खुंट सापडला, गंजलेला.
पूर्वेला काही नाही. पश्चिमेला काही नाही.
दक्षिणेला काही नाही आणि त्याच्यापलीकडे डोंगर.
उत्तरेला एक सोफा.
कुणी आणून टाकला, देव जाणे,
पण आम्ही बसलो त्यावर.

पाण्याचं तिनं विचारलंच नाही.
विचारलं, रात्री इथं काचेवर टकटक करायला कुणी येईल?
तीन वर्षं ती व्हॅनमध्ये झोपते,
दुकानाच्या आवारात, नंतर कसिनोच्या, नंतर ग्रंथालयामागं;
दोनच्या सुमाराला टॉर्च, बोटांची पेरं,
बाई, इथं थांबता येणार नाही.

नियम आहे, मी म्हणाले,
वर्षात तीस दिवसांवर तळ ठोकता येत नाही.
तिनं चारी दिशांना पाहिलं, सावकाश.
दिवस मोजायला कोण येणार?

साडेतीनशे ठरले. तिच्याकडे तीनशे होते.
उरलेले दहा-दहानं दे, मी म्हणाले,
आणि म्हणताना जीभ जराशी अडखळली.

खरेदीखताचा मजकूर जुनाच, छापील:
सदर जमीन जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण,
निधिनिक्षेपासह.
डोलोरेस एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत होती.
जल म्हणजे तिचे दोन निळे पिंप.
तरू एकच, गुडघ्याएवढं, पाऊस पडला तर डांबरासारखा वास येणारं.
पाषाणांबद्दल मला काही म्हणायचं नाही.
निधीपाशी ती थांबली. खाली काही पुरलंय का?
माझ्या माहितीत नाही, मी म्हणाले, आणि सही केली.

नकाशा मात्र दिला नाही.

मे महिन्यात पाकीट आलं, आत दहाची नोट, चिठ्ठी नाही.
डाव्या कोपऱ्यात, मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत
पाठवणारीचा पत्ता:
डोलोरेस क्विन्ताना,
सतरा, लेक शोअर ड्राइव्ह.

बासष्ट वर्षांत
तो पत्ता कुणी कशावर लिहिला नव्हता.
पाकीट मी फ्रिजवर लावलं,
चुंबक जरा बाजूला.