ढगाचा पत्ता

त्रेचाळीस मुलं, टॅबलेट अकरा.
हे गणित मी फळ्यावर कधी घेत नाही.
भाग जातो तीनचा, बाकी उरते दहा.
बाकी म्हणजे ती दहा मुलं
जी मागून मान घालतात.

एक धरतो, एक बोट लावतो, एक मोठ्याने वाचतो,
आणि चौथा.
चौथ्याची पाळी रोज बदलायची असं ठरलंय,
तरी बहुतेक वेळा तौसीफच मागे.
म्हणतो, बाई, मला लांबूनच नीट दिसतं.
त्याच्या चष्म्याचा अर्ज मी दोनदा भरलाय.

रबाळ्याच्या नाल्याकाठी आमची शाळा, वर पत्रा.
एप्रिलात साडेबारा वाजले की टॅबलेट काळा पडतो,
पांढरी अक्षरं येतात: उपकरण थंड होऊ द्या.
मग मुलं वह्यांनी वारा घालतात.
स्वतःला नाही. त्याला.

शिवलीला धोत्रेने तीन दिवस, एका बोटाने,
चौदा ओळींचा निबंध लिहिला. माझा परिसर.
क्ष कुठे लपलाय ते सापडेपर्यंत
तिची दक्षिण दिशा अर्धीच लोंबत होती.
चौदावी ओळ संपली,
आणि गोल फिरायला लागला:
ढगात जतन होत आहे.

बाई, ढग कुठे असतो?

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. वर नाही, समोर.
नाल्यापलीकडे, तारांच्या कुंपणाआड,
बिनखिडक्यांची ती राखाडी इमारत,
रात्रभर जिचा घूं घूं आवाज
वस्तीतल्या तान्ह्या पोरांनाही आता सवयीचा झालाय.

ते?
ते.
तिथं तर आई पुसते.

महादेवी धोत्रे ऐन मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला निघते.
गल्ली हसते.
पालकसभेला ती मला म्हणाली होती,
लई गार असतंय बाई आत.
माणसांसाठी न्हाई, कपाटांसाठी.
हिरवे दिवे लुकलुकत्यात त्यांच्या पोटात,
हात लावायचा न्हाई, खालचं तेवढं पुसायचं.
त्या इमारतीच्या पायात तिच्या नवऱ्याने फोडलेली खडी आहे
हे मात्र तिने सांगितलं नाही.
ते मला निबंधात कळलं. ओळ नववी.

गोल त्रेसष्ट टक्क्यांवर थांबला.
मी फोन खिडकीत धरला, मग दारात, मग बाकावर चढून.
त्रेसष्ट.

एवढं जवळ आहे, तर नेट कशाला लागतं, बाई?
मला उत्तर आलं नाही.
म्हणून तिने सगळा निबंध कागदावर उतरवला,
शेवटी एक ओळ वाढवली:
आमच्या घराच्या दक्षीणेला ढग राहतो.
चार घड्या घातल्या
आणि आईच्या डब्याच्या पिशवीत ठेवला.
आई नेऊन ठेवेल.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला.
फाटकावरच्या रखवालदाराने आत जाऊ दिला नव्हता.
फोन नाही, पेन ड्राइव्ह नाही, लिहिलेलं काही नाही,
नियम आहे.
त्याने वहीत नोंद केली, म्हणे: कागद एक. परत.
पण द्यायच्या आधी
उभ्याउभ्या पूर्ण वाचला, महादेवी सांगत होती,
आणि विचारलं, कुणाची पोर?

मी घड्या उलगडल्या.
दक्षीणेची दुसरी वेलांटी खोडून
कुणीतरी लाल पेनने पहिली काढलेली.
काल मी तो निबंध दोनदा वाचला होता.
माझ्या नजरेतून सुटली होती.

कागद टाचणीने वर्गात लावलाय,
तौसीफच्या नजरेला पडेल इतका लांब.
टॅबलेटवरचा गोल अजून तिथेच.
आज तौसीफला पुढे बसवलंय,
बोट त्याचं.
साडेबारा होत आलेत.
हजेरीची वही घेऊन मी मागे उभी आहे,
वारा घालायला.