सरासरी

वडगावात सात वर्षं मी विजेचं मीटर वाचतोय.
कुणाच्या घरात किती माग, ते विचारावं लागत नाही,
उंबऱ्यावर पाय ठेवला की तळव्याला कळतं.
चार असतील तर चपलेचा अंगठा थरथरतो,
आठ असतील तर ओरडून बोलावं लागतं.
म्हणून इथली माणसं बाजारातही ओरडतात.
भांडत नसतात.

त्या एप्रिलात साहेब म्हणाले, घरोघरी जायचं नाही,
मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा
आणि बिलं पाठवा.
काढली.
कॉम्प्युटरच्या हिशेबात वडगाव विणत राहिलं,
एप्रिल, मे,
साडीमागून साडी.

जूनमध्ये गेलो, तोंडाला मास्क, कमरेला सॅनिटायझरची बाटली,
तर गल्लीत पहिल्यांदाच ऐकू आलं
टाकीच्या पत्र्यावर घासणारं कावळ्याचं नख.
रुद्राप्पा पायरीवर बसून बायकोशी हळू बोलत होता.
हळू. रुद्राप्पा.
तेव्हा पोटात कालवलं.

‘माग बंद, मग एवढं बिल कसं रे?’
बिल कन्नडात छापलेलं, प्रश्न मराठीत,
उत्तर माझ्याकडं दोन्हींत नव्हतं.
सरासरी, म्हटलं.
‘मग आमी जेवलो पण सरासरीनंच म्हणायचं की!’

मग खरे आकडे लिहायला लागलो.
चारशेच्या जागी एकोणीस:
एक बल्ब, एक पंखा, मोबाईलचं चार्जिंग.
सहाशेच्या जागी अकरा.
शेवंता कामकरच्या घरी शून्य.
तिचा नवरा सिव्हिलमध्ये गेला तो परत आला नव्हता,
आणि ती माहेरी, नंदगडला.

कोपऱ्यावर ओमाणा टक्केकर, वय ब्याऐंशी, मला थांबवून सांगत होता:
आई सांगायची, प्लेगात सगळं गाव माळावर खोपटी घालून,
आणि घरांवरची कौलं काढून ठेवलेली
ऊन आत जावं म्हणून.
तीन महिने घरात ऊनच राहिलं.
परतले तर मागाच्या खड्ड्यात
गुडघाभर माठ उगवलेला.
पहिल्या दिवशी तोच शिजवला, म्हणे. मीठ नव्हतं.
‘आता खड्डेच कुठं हायत,’ म्हणाला,
आणि स्लॅबकडं बघत बसला.

ऑगस्टात शेवंताच्या मीटरवर तीन युनिट.
दार अर्धं उघडं. आत एकच माग, ताणा नाही,
धोटा रिकामाच इकडून तिकडं.
‘सूत कुठलं मिळायला? रोज धा मिनिटं नुसतंच चालवूलालंय.
गंज चढू नये म्हणून.’
तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मशीनमध्ये तीन टाकलं तर ते अडून बसलं:
सरासरीशी जुळत नाही. खात्री आहे?
मी बटण दाबलं.
समोरून रुद्राप्पा काहीतरी ओरडला,
काय ते
ऐकू आलं नाही.