पाठीवर मावेल तेवढंच

प्रतापगंजच्या नाक्यावर माझं बाइंडिंगचं दुकान.
मे महिन्यात विद्यापीठ माझ्याकडे पोत्यांनी येतं.
चार-चार प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, उद्या सकाळी हवं.
आम्ही शिवतो. वाचत नाही.
वाचायला लागलो तर दाभणाने बोट फुटतं.

ही मात्र वाचली. वीज गेली होती,
प्रेस थंड, पंखा मेलेला,
आणि पादऱ्याच्या ध्वनी अमीनचे तीनशे बारा कागद मांडीवर.
विषय: हल्लीच्या आयरिश कादंबऱ्या, आणि राष्ट्र म्हणजे नेमकं कोण.
इंग्रजी माझं बिलापुरतं. तरी गेलो पुढे,
तांदूळ निवडावेत तसा,
कळेल तो शब्द बाजूला काढत.

पान एकशे चौदा. एका माणसाचं शेत सरहद्दीवर.
त्याची गाय चरते एका देशात,
दूध देते दुसऱ्यात,
आणि तिला त्याचं काही वाटत नाही.
आमच्या पेटीत आजोबांचे तीन रबरी शिक्के आहेत:
बडोदे संस्थान, मुंबई राज्य, गुजरात राज्य.
पत्ता तिन्हींवर तोच, रावपुरा, टॉवरजवळ.
दर वेळी त्यांनी शिक्केवाल्याला आठ आणे दिले
आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

पान एकशे साठ. तिथल्या पाट्यांवर दोन भाषा.
वरची तिरकी, नाजूक, आपली.
खालची ठळक, सगळ्यांना कळणारी.
वरच्या भाषेतलं एकच वाक्य म्हणे पुष्कळांना पाठ,
शाळेत घोटून घेतलेलं:
बाई, मी लघवीला जाऊ का?
मी मोठ्याने हसलो. मग थांबलो.
माझ्या नातवाला, हर्षीलला,
मराठीतलं जे एक वाक्य न अडखळता येतं,
तेही साधारण त्याच खोलीच्या दारातलं आहे.

माझी भाषा तरी कुठे सोवळी?
मी बारी उघडतो, हिंचक्यावर बसतो,
'के' म्हणतो जिथे पुण्याची मेहुणी 'की' म्हणते,
आणि ती जेवताना मला सुधारते,
मीठ वाढावं तसं, न मागता.
तिच्या घरी मी गुजराती.
इथे, चार पिढ्यांनंतर, दक्षिणी.
सेवउसळीच्या गाडीवर तेवढं कुणी विचारत नाही.
तिथे सगळ्यांचंच नाक वाहतं.

पान दोनशे तीस दोनदा वाचलं.
बॉस्टनहून एक म्हातारा गावी परततो, मूळचा तिथलाच,
आणि त्याला गल्ली सापडत नाही.
गुत्त्यातली लिथुआनियाची बाई त्याला रस्ता सांगते
त्याच्याच गावच्या हेलात,
जो तो स्वतः केव्हाच विसरलाय.
तो विचारतो: पोरी, तू मूळची कुठली?

समासात पेन्सिलीने, खोडायचं राहून गेलेलं:
'आपणे पण भाडूतने पहेलां आ ज पूछीए.'
रबर हाताशी होतं. मी खोडलं नाही.

वीज आली. प्रेस तापला.
नाव पाठीवर मावेना.
फोन केला: काय कापू? 'राष्ट्रीय' काढलं तर बसतं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मागे कुकरची एक शिट्टी.
मग म्हणाली, काका, मारी अटक काढी नाखो.

अटक म्हणजे गुजरातीत आडनाव.
मराठीत काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.

काढली. नुसती ध्वनी राहिली.
सोनेरी पट्टी दाबून उचलली
की अक्षरं पुस्तकावर जातात,
पट्टीत त्यांची भोकं उरतात.
एरवी फेकतो. आज गल्ल्याखाली सरकवली, का कोण जाणे.

चार प्रतींचे बाराशे.
पैसे मी गुजरातीतच मोजतो.
पण शेवटची प्रत शिवताना दाभण चुकलंच,
आणि तोंडातून जे निघालं
त्यावर दुकानातला पोरगा चमकून वर बघत म्हणाला,
शुं बोल्या, काका?