दोनशे शब्दांत परिचय

संयोजकांचा निरोप आहे: दोनशे शब्द, एक फोटो, मंगळवारपर्यंत.
पदव्या, पदं, शोधनिबंध किती, निवृत्ती कधी.
मी लिहिलं: डॉ. हेमांगिनी दिघे, शरीरक्रियाशास्त्र, बडोदे.
पुढं पेन अडलं.

पत्र्याचा पिंप, पाण्यात तरंगणारा डबा,
काजळी धरलेल्या कागदावर सरकणारी सुई.
रावपुऱ्यातल्या शाळेतून रांगेनं आणलेली पोरं
आणि तुम्ही पदर खोचून,
"जोरथी फूंक, दीकरा! हजी! हजी!"
मराठी पोरांनाही गुजरातीतच.
फुंकायला ती भाषा बरी, म्हणायचात,
तोंड आपोआप उघडतं.

तक्ता परदेशी होता. छापील, बांधीव.
त्याच्या हिशोबी आमच्या शहरातलं
एकही पोर पुरता श्वास घेत नव्हतं.
बाकीच्यांनी लिहून टाकलं: दुर्बल, वाढ अपुरी.
तुम्ही चष्मा पुसलात.
"शिंप्यानं माप चुकवलं तर
पोराला आखूड म्हणायचं का?"

मग अकरा वर्षं.
चार हजार तीनशे सोळा मुलं, प्रत्येकाच्या तीन फुंका,
त्यातली सर्वांत मोठी धरायची.
वय दाखल्यावरून, दाखला नसेल तर आईच्या आठवणीवरून:
"पूर आला ना बेन, त्या साली, गणपतीच्या आधी."
मी तेव्हा तेविसाचा, पिंपातलं पाणी बदलणारा.
निबंध छापून आला तेव्हा
तळटीपेत, फुलीच्या खुणेखाली, माझं नाव निघालं:
श. गो. खासगीवाले.
आईनं ते पान देवापुढं ठेवलं. तिला एवढंच वाचता आलं.

इथवर बसतं दोनशे शब्दांत.
दुसरी वही बसत नाही.

नदीपलीकडून टेम्पोत बसून आलेली तीनशे नऊ मुलं,
कारखान्यांच्या बाजूची. फुंका आखूड.
वरून सूचना आली, तोंडी, चहासोबत:
यांनाही सरासरीत घ्या, संख्या भरीव दिसेल.
तुम्ही चहा बशीत ओतलात आणि तसाच ठेवलात.
"यांना धरलं तर उद्या हाच श्वास पुरेसा ठरेल.
मग आजारी कुणीच निघायचं नाही."

त्या वर्षी विभागप्रमुख दुसरेच झाले.
तक्ता निघाला त्या मुलांना वगळून
आणि वही सात ठिकाणांहून परत आली.
शेवटच्या पत्रात होतं: विषय फार स्थानिक.
तुम्ही उलट टपाली कार्ड धाडलंत,
श्वास स्थानिकच असतो, साहेब.
कार्ड मीच पेटीत टाकलं, म्हणून ठाऊक.

वहीत बासष्टावी कमळा शिरोळे, वय नऊ.
नळी तोंडाशी नेऊन तिनं विचारलं होतं,
"खूप जोरात फुंकलं तर चिमणी विझेल?"
आम्हांला वाटलं, घरातली, रॉकेलची.
ती खिडकीबाहेर बघत होती.
शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही तेवढंच वाक्य लिहिलंत,
पेन्सिलीनं. आकडा नंतर.

गेल्या महिन्यात तुम्हांला दवाखान्यात नेलं.
यंत्र आता मुठीत मावतं.
पट्टी बाहेर आली: अपेक्षिताच्या एकाहत्तर टक्के.
तुम्ही धापा टाकत विचारलंत,
"अपेक्षित कुणाच्या तक्त्यानं?"
पोरगा गोंधळला. "ते आतच असतं, आंटी, मशीनमध्ये."
"उघड मग," म्हणालात.
रांग खोळंबली. त्यानं शेवटी कंपनीला फोन लावला.

मंगळवार उद्यावर आलाय.
शब्द एकशे साठ झालेत, सगळे खरे, सगळे कोरडे.
फोटोंच्या पाकिटात निवृत्तीचा एक आहे, हारातला,
त्यात तुम्ही कुणीतरी वेगळ्याच दिसता.
दुसरा हलला आहे थोडा:
गाल फुगलेले, डोळे मिटलेले, केस विस्कटलेले,
समोर तीन पोरं हसून लोळताहेत
आणि तुम्ही दाखवताय, फुंकायचं कसं.

हा चालेल का, संयोजकांना विचारणार नाही.
चिकटवलाय.