प

वडगावात माग थांबतात रात्री साडेबाराला.
एकपर्यंत कानातला खडखडाट उतरू द्यायचा,
मग रेकॉर्डिंग.

खोली ईराण्णाची, सुताची.
बाचकी सरकवून जागा केली, भिंतींना वाकळा टांगल्या,
पंखा बंद, मोबाईल बाहेर बादलीत,
शिलासनं मनगटावरचं घड्याळसुद्धा काढलं.
माईकपुढे भरतकामाची कडी,
तिच्यावर सुवार्ताच्या शाळेचा जुना पायमोजा ताणलेला.
आवाज ह्यातून गाळून घ्यायचा.

रिबका मावशी गाते. दया नीट येते, शांती नीट,
हरवलेलं मेंढरूही नीट.
'प्रभू' आला की सुई लाल.
'प' फुटतो, नुसता वारा,
कुणी दारावर तळहात मारावा तसा.

"मावशी, त्या शब्दाला तोंड जरा बाजूला घ्या."
"कुठल्या?"
"त्याच."
चाळीस वर्षं कॅम्पातल्या देवळात
तिसऱ्या बाकावरून दारापर्यंत पोचवलेला शब्द.
मावशी हसली.
"त्याचं नाव घेऊलालोय, आन् तोंड फिरवू?"

पण फिरवलं.
पैसे भिशीचे, माईक भाड्याचा,
सकाळच्या गाडीनं हुबळीला परत जायचा.

पहिल्यांदा फिरवलं, सूर घसरला.
दुसऱ्यांदा ढोलकी पुढं पळाली.
तिसऱ्यांदा जमलं. सुई हिरवी,
शेवटचा सूर वाकळांत जिरत होता
आणि मागच्या परड्यात कोंबडा आरवला.

रविवारची शाळा सगळ्यांनीच केलेली.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
मावशीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
त्यातून तिचाच आवाज येत राहिला,
मुंगीएवढा.

मग ती उठली, बाहेर जाऊन चूळ भरली,
आली ती कडी बाजूला सारून
थेट माईकपुढे.
"आता लाव."

मी सुईकडे बघायचं सोडलं.
दुसऱ्या कडव्याला ईराण्णा दारात, हातात किल्ली,
वर माग सुरू करायची वेळ.
त्यानं ओठांनीच विचारलं, किती?
मी चार बोटं दाखवली.
तो चप्पल काढून उंबऱ्यावर बसला,
चाराची अकरा मिनिटं झाली तरी
बसूनच.

आता घरी साफसफाई चाललीय.
खुर्चीची करकर पुसली, शिलासचा खोकला पुसला,
कोंबडा कापून वेगळा ठेवलाय, टाकवत नाही.
कव्हरचा वाद मिटला:
वर कन्नड की वर मराठी ह्यावर तीन बैठका झाल्या,
शेवटी वर नुसती समई, अक्षरं मागच्या बाजूला.
भिशीचे अजून सहा हप्ते.

उरलेत ते चौदा 'प'.
एकेकाला मोठं करून बघतो,
पडद्यावर वारुळासारखे उभे.
दाबता येतील, अर्ध्या तासाचं काम.
पहिल्यावर बोट ठेवलं
तर मावशीचा गाल दिसला, कान दिसला,
तोंड कुठं दिसेना.