बुरकुंडं

खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी लोक कणसं खातात
आणि बुरकुंडं टाकून जातात.
ती मी पोत्यात भरते.
पाषाणपर्यंत स्कूटरवर, पोतं दोन पायांच्या मध्ये.
गाडीवाल्या शेवंताबाई ढेबे दर खेपेला विचारतात,
"म्हशी किती गं तुझ्याकडं?"
मी म्हणते, आहेत.
मोजता येत नाहीत एवढ्या.

भट्टी पाचशेवर. आत नायट्रोजन, हवेला मज्जाव.
जळू द्यायचं नाही, नुसतं होरपळू द्यायचं.
दोन तासांनी हाती येतं ते हलकं, काळं,
टिचकी मारली तर काचेसारखं वाजणारं.
सूक्ष्मदर्शकाखाली नुसती भोकं,
भोकांच्या आत बोळ,
बोळातून फुटलेले आणखी बोळ,
कसबा पेठेत पत्ता चुकावा तसे.

माझ्या म्हशी बाटलीत राहतात,
रबरी बुचाखाली, सदतीस अंशांवर.
प्राणवायू नुसता शिवला तरी मरतात.
खातात कार्बन मोनॉक्साइड.
देतात थोडं व्हिनेगर,
आणि मनात आलं तर दारू.

तोच वायू.
अरविंदमामा बावधनला एका बांधकामावर राखणदार होता.
जानेवारीत पत्र्याच्या खोलीचं दार लावून घेतलं,
शेगडी आत घेतली.
सकाळी गाल लाल होते त्याचे,
कुणीतरी चेष्टा केल्यासारखे.
वास नाही, रंग नाही, खोकला नाही.
आई म्हणते, कोळशानं नेलं.
मी कशावर काम करते
हे तिला नीट सांगितलेलं नाही.

अडचण अशी, की हा वायू पाण्यात उतरतच नाही.
बाटलीच्या वरच्या भागात जेवण ताटकळलेलं,
खालच्या भागात पंगत उपाशी.
हलवा कितीही. आम्ही तीन महिने हलवलं.
जे काही पोटात गेलं
त्याचं आंबट करून त्या आंबटातच थिजल्या.
सामू साडेचार.
ताम्हनकर मॅडम वही मिटत म्हणाल्या,
"हे आवरतं घेऊ या का?"

त्याच आठवड्यात एका बाटलीत मी
चिमूटभर पूड टाकली बुरकुंडाची.
खरं तर बाटली टाकूनच द्यायची होती.

पाचव्या दिवशी आलेख बघितला.
दारूच्या जागी टेकाड होतं. 
पुन्हा सुई टोचली. पुन्हा टेकाड.
कोळशाच्या अंगाला वायू चिकटून राहतो म्हणून?
राखेतला क्षार आंबट गिळतो म्हणून?
की त्या काळ्या भिंतीतून इलेक्ट्रॉन
हातोहात पुढे जातात, पाण्याच्या बादल्यांसारखे?
मॅडम म्हणतात तिन्ही असेल, एकही नसेल,
आधी आणखी बारा बाटल्या लाव.
लावल्या. दोन फुटल्या. सात चालल्या.
उरलेल्या तिघींचं काय बिनसलं
ते अजून कळलेलं नाही.

रात्री निघताना वायूचा गजर तपासते.
हिरवा दिवा.
तरी खिडकी उघडते,
आणि स्कूटरची किल्ली हातात घेऊन
उगीच उभी राहते थोडा वेळ.

परवा शेवंताबाईंना खरं काय ते सांगितलं.
म्हशींचं त्यांना हसू आलं,
दारूचं जास्तच.
मग म्हणाल्या, "कोळसा करतीस तर मूठभर मला पण दे की.
डोंगराखाली घर आमचं, लई गारठा.
शेगडीला होईल."

देते म्हटलं.
पिशवीची गाठ मारली,
सोडली,
परत मारली.
म्हटलं, दार उघडं ठेवा मात्र.
"थंडीत?"
थंडीतच.